विषम आकड्यांची खिडकी

आमच्या घरात कार्य असलं, की जेवणं उरकल्यावर, सुपारीचं तबक फिरत असताना कुणीतरी हटकून म्हणतं, "काका, ती अक्काआत्याची एक नंबरची गोष्ट सांगा ना." मी सांगतो. मला आग्रह लागत नाही. बायकोच्या मते मला थांबवायलाच आग्रह लागतो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं पोटाचं ऑपरेशन, मी त्याच इस्पितळात कारकून, तिनं माझ्याकडून धाकदपटशानं मिळवलेला एक नंबर, भूल देताना तिनं केलेली फजिती, आणि शेवटी पेजेवरून तिनं इस्पितळाची काढलेली लाज. मी आवाज काढून, हातवारे करून सांगतो. पोरं हसून लोळतात. गोष्ट खरी आहे. फक्त मी ती मधूनच सुरू करतो आणि शेवटाच्या थोडी आधी संपवतो.

परवा पुतणीच्या मुलीनं, साताठ वर्षांची असेल, सगळे हसत असताना विचारलं, "मग दोन नंबर कुणाचा होता?"

तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "जा, पाणी आण मला." आज पाणी पिऊन झालंय, घरात कुणी नाही, तेव्हा आधीचं आणि नंतरचं दोन्ही लिहून ठेवतो. कागदाला हसवावं लागत नाही.

सन पन्नासनंतरची वर्षं. अंधेरीला एक धर्मादाय इस्पितळ होतं, कुणा शेटजींच्या जुन्या कौलारू बंगल्यात. मागं ताडाची झाडं. वारा फिरला की वर्सोव्याकडून सुकत घातलेल्या मासळीचा वास यायचा आणि ऑपरेशन थिएटरातून ईथरचा. दोन्ही वास माझ्या खिडकीपाशी भेटायचे. आजही बोंबील वाळत घातलेले दिसले की मला जरा गुंगी येते. बायको म्हणते, गुंगी यायला तुला बोंबील कशाला हवेत?

ती खिडकी म्हणजे माझी कचेरी. दर गुरुवारी ऑपरेशन ठरलेले रोगी किंवा त्यांचे नातेवाईक रांगेत यायचे. मी नाव लिहायचो, क्रमांक द्यायचो, तारीख सांगायचो. वय वर्षं सव्वीस, पगार बेताचा, पण खिडकीच्या आतल्या बाजूला बसलं की माणूस आपोआप एक वीत उंच होतो.

त्या इस्पितळात तोवर भूल द्यायची म्हणजे रिकामा असेल त्या डॉक्टरनं रोग्याच्या नाकातोंडावर जाळीची टोपी धरायची, वर कापड, आणि कापडावर ईथरचे थेंब टाकत राहायचे. रोगी धडपडायचा, शिव्या द्यायचा, मग झोपायचा. मग एक डॉक्टर विलायतेहून खास भूल देण्याचंच शिकून आले. सगळे त्यांना भूलवाले डॉक्टर म्हणायचे. किडकिडीत, हात मागं बांधून चालणारे, आवाज कधी चढवायचा नाही. त्यांनी नवी पद्धत आणली. आधी शिरेत इंजेक्शन, मग अंग ढिलं पाडणारं औषध. ते गेलं की रोग्याचा श्वाससुद्धा थांबतो. मग घशातून नळी घालायची, आणि रबरी पिशवी हातानं दाबून रोग्याच्या वतीनं डॉक्टरनंच श्वास घ्यायचा. ऑपरेशन संपलं की रोगी आपला श्वास आपण परत घेतो. म्हणजे घ्यायला हवा.

एके दिवशी ते माझ्या खोलीत आले नि एक कोरी वही टेबलावर ठेवली.

"उद्यापासून ही. क्रमांक विषम आला तर जुनी पद्धत, सम आला तर नवी. कुणाला कुठली ते मी ठरवणार नाही, सर्जन ठरवणार नाहीत, तुम्हीही नाही. रांगेत जो जसा येईल तसा आकडा. वही भरली की दोन्हीकडची माणसं मोजायची."

"साहेब, दोन्हीतली चांगली कुठली?"

"ते माहीत असतं तर वही कशाला आणली असती?"

"आणि रोग्याला काय सांगायचं?"

"काही नाही."

रोग्याला विचारायची तेव्हा रीतच नव्हती. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. जाता जाता दारात थांबून ते म्हणाले, "क्रम मोडू नका. निवड माणसाच्या हातात दिली की माणूस लबाडी करतो. चांगला माणूस जास्त करतो."

मी मान डोलावली. मला वाटलं, हे दुसऱ्या कुणाबद्दल बोलताहेत.

पहिले एकोणीस आकडे सुरळीत गेले. विसाव्याला पार्ल्याच्या एका मास्तरांची बायको उभी होती. मास्तर मागं बाकावर, छातीला हात लावून खोकत बसलेले. जुना दमा, आणि आता आतड्याचं ऑपरेशन. मी वीस लिहायला टाक उचलला आणि ती बाई म्हणाली, "अहो, वीस नको ना. एकवीस द्या."

मी तिला का म्हणून विचारलं नाही. हीच तर माझी चूक. विलायतेत शिकलेल्या माणसानं विलायती विचाराची वही आणली होती, पण खिडकीत बसवला होता मला, एकवीस मोदकांवर वाढलेल्याला. एकवीस दूर्वा, पाच सवाष्णी, ओटीला पाच फळं, आहेराच्या पाकिटात वर एक. शुभ ते विषम, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मी मागच्या माणसाला पुढं घेतलं. तो जवळच्याच खाणावळीत जेवणारा एक तरणाबांड गडी, अपेंडिक्सचा. म्हटलं, "वीस चालेल ना?"

"कुठला पण द्या यार, फक्त रविवारी नको. मॅच आहे."

एक आकडा इकडचा तिकडं. मास्तरीणबाईंच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं, ते बघून मला दिवसभर बरं वाटत होतं.

मग ते पसरलं. अंधेरीपासून पार्ल्यापर्यंत, बायकांच्या बोलण्यातून, नळावरून, देवळातून. खिडकीतला माणूस भला आहे, सांगितलं तर चांगला आकडा देतो. लोक यायचे. पंचवीस द्या, एकतीस द्या. तीन नि तेरा विषम असून कुणाला नको असतात; ते दोन्ही आधीच खपले होते म्हणून सुटलो. मी एक पैसा घेतला नाही. घेतला असता तर निदान लाज वाटून थांबलो असतो. फुकट केलेल्या उपकाराला थांबा नसतो.

वहीत शेवटी एक रकाना होता. ऑपरेशननंतर माणूस गेला, तर त्यात लाल पेन्सिलीनं फुली मारायची. वॉर्डातून सिस्टर चिठ्ठी पाठवायची, मी फुली मारायचो. पहिली फुली एकविसाला पडली. मास्तर तिसऱ्या दिवशी छाती भरून गेले.

मास्तरीणबाई कागद न्यायला खिडकीवर आल्या. रडत नव्हत्या. कागदाची घडी घालत म्हणाल्या, "तुम्ही तर एकवीस दिला होतात."

त्यात राग नव्हता. एखाद्यानं दिलेलं रेशन घरी जाऊन किडकं निघावं नि दुकानदाराला सहज सांगावं, तसं. मी नमस्कार केला. दुसरं काय करणार?

मग सत्ताविसाला फुली. मग एकतिसाला. मग आणखी. एक ओळ सोडून एक ओळ, अंगणात आखलेल्या घरांतून कुणी लंगडी घालत यावं तशा त्या फुल्या वहीतून खाली उतरत होत्या. सगळ्या विषमाला. समाच्या ओळी कोऱ्या करकरीत.

भूलवाले डॉक्टर दर शनिवारी वही बघायला यायचे. सुरुवातीला गंभीर असायचे. पुढं पुढं पानं उलटताना त्यांचा चेहरा सैल पडायला लागला. एकदा व्हरांड्यातून जाताना ते हलकेच शीळ घालत होते. मरणाच्या फुल्या मोजून खूश होणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. पण मला ते कळत होतं. त्यांची पद्धत जिंकत होती.

मला मात्र गुरुवार नकोसा वाटायला लागला. लोक खिडकीत हात जोडून विषम आकडा मागायचे, आणि तो दिला की काय होतं ते मला दिसत होतं. नाही म्हणावं तर कारण सांगायची बंदी. एका बाईला मी धीर करून म्हटलं, "चौतीस घ्या. चांगला आहे चौतीस." तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिच्या कपाळाचं कुंकूच मागितलं. "नाही हो. पस्तीसच द्या." मी पस्तीस दिला. पुढच्या बुधवारी त्या ओळीला फुली मारली.

अशात अक्का आजारी पडली. म्हणजे कळलं तेव्हा. आजारी ती चारपाच महिने होती. आईवडील गेल्यावर तिनं आम्हा भावंडांना कोकणातून इथं आणून वाढवलं. लग्नानंतर वर्षात नवरा गेलेला, मूलबाळ नाही, तोंड मात्र दहा मुलांच्या आईचं. सकाळी खाल्लेलं संध्याकाळी जसंच्या तसं बाहेर पडत होतं, आणि ती आम्हाला सांगायची, आज एकादशी, आज सोमवार. तिच्या उपासांची संख्या वाढली हे मला कळलं, पण मला वाटलं, वय झालं की भक्ती वाढते. शेवटी एका सकाळी ती मोरीपाशी बसली ती उठेच ना. उचलली तर हाताला वजन लागलं नाही. धुतलेली साडी उचलावी तशी आली.

सर्जननी तपासून सांगितलं, जठराच्या तोंडाशी जुनी जखम आहे, तिनं पुढची वाट बंद झालीय. पोट उघडून आतड्याला दुसरी वाट काढून द्यायची. पोट धुऊन, शिरेतून पाणी देऊन मंगळवारी ऑपरेशन. त्याहून उशीर नको.

अक्का खाटेवरून म्हणाली, "काय रे मेल्या, सगळ्या अंधेरीला आकडे वाटतोस म्हणे. बहिणीला काय उरलासुरला देणार? चांगला बघून दे. विषम."

"बघतो."

"बघतो नाही. देतो म्हण."

मी भूलवाल्या डॉक्टरांकडं धावलो. ते म्हणाले, "घाबरू नका. विषमाचा प्रश्नच नाही. सोमवारपासून सगळ्यांना नवी पद्धत. वही बंद करतोय. जे दिसायचं ते दिसलं." आणि त्यांनी हातानं लिहिलेले कागदांचे ताव माझ्या हाती दिले. शहरात डॉक्टरांची सभा होती, तिथं वाचायचा निबंध. सोमवारपर्यंत टाइप करून हवा होता.

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्या पाया पडणार होतो. अक्काला नवी पद्धत, फुलीविरहित. देवानं ऐकलं.

शनिवारी दुपारी, कचेरी रिकामी, मी टाइप करत बसलो. दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं. इंग्रजीत. अर्थ असा, की रोग्यांना क्रमांक ते ज्या क्रमानं आले त्याच क्रमानं देण्यात आले, त्यात कुणाचीही कसलीही निवड नव्हती.

माझं बोट चुकलं. कागद काढला, नवा घातला. पुन्हा तिथंच चुकलं. तिसऱ्यांदा मी यंत्रापासून हात काढले आणि वही उघडली.

एकवीस. दम्याचे मास्तर. सत्तावीस, सत्तरीची आजी, दोन सुनांनी दोन्ही काखांत हात घालून आणलेली. एकतीस, काविळीनं पिवळे पडलेले गृहस्थ, त्यांच्यासाठी मुलगी रडली होती म्हणून मी एक माणूस पुढं ढकलला. पस्तीस, ते कुंकू. विषम आकडा मागायला कोण येतं? ज्याला भीती वाटते तो. आणि जो आधीच अर्धा संपलेला असतो त्याचीच जास्त भीती वाटते. मग समाला कोण उरलं? वीस, मॅचवाला. बावीस, तालमीतला पहिलवान. चौतीस, रोज वर्सोव्यापर्यंत पायी टपाल वाटणारा पोस्टमन. यांना डोक्यात सोटा घालून झोपवलं असतं तरी ते उठून घरी गेले असते.

त्या फुल्यांना काही अर्थच नव्हता. ईथरनं ती माणसं मारली, की ती मरायलाच टेकली होती म्हणून मी त्यांना ईथरकडं पाठवलं, हे त्या वहीतून आता देवालाही सांगता आलं नसतं. आणि नव्या पद्धतीखाली आजवर अशक्त म्हणावं असं एकही माणूस गेलं नव्हतं. मंगळवारी पहिलं जाणार होतं ती माझी अक्का. डॉक्टर बेफिकीर मनानं तिचा श्वास थांबवणार होते, कारण माझी वही त्यांना सांगत होती की तो परत येतोच.

रविवारी सकाळी मी सांताक्रूझला त्यांच्या घरी गेलो. रस्ताभर एक बेत करत होतो, की सांगायचं पण निम्मंच. ते गॅलरीत पेपर वाचत होते. डोक्यावरून एक विमान खाली उतरत गेलं, इतकं खाली की बोलणं थांबवावं लागलं. त्या आवाजात माझा निम्मा बेत कुठंतरी पडला. मी सगळं सांगून टाकलं. वही पुढं केली, निबंधाचे ताव हातातच होते. जिथं जिथं आकडा फिरवला तिथं पेन्सिलीनं टिंब केलं होतं. पानभर टिंबं होती.

त्यांनी एकेका टिंबावर बोट ठेवत पानं उलटली.

"लाच?"

"नाही साहेब."

"मग?"

"त्यांना विषम आकडा हवा होता."

"का?"

"शुभ म्हणून. एकवीस मोदक, पाच सवाष्णी..." माझं मलाच ते पोरकट वाटलं.

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "मी बोटीवर चढलो तेव्हा आईनं डब्यात लाडू दिले होते. मोजून एकवीस. मला सुचायला हवं होतं."

मग म्हणाले, "आज सकाळपर्यंत मला माहीत होतं तुमच्या बहिणीला कशी भूल द्यायची ते. आता माहीत नाही."

"साहेब, तुम्हीच ठरवा ना. तुम्ही एवढे शिकलेले..."

"ईथर दिलं तर छाती भरेल का? नवी पद्धत दिली तर एवढं खंगलेलं माणूस श्वास परत घेईल का? हे मला ही वही सांगणार होती." त्यांनी निबंधाचे ताव माझ्या हातातून घेतले, चार घड्या घातल्या आणि पेपराखाली सरकवले. "उद्या नवी वही. बहिणीच्या आधी कुणी आहे?"

"नाही. पुढची तीच."

"मग पहिलं नाव तिचं."

"पण साहेब, एक म्हणजे विषम..."

"मोजता येतं मला."

मी चप्पल घालताना विचारलं, नोकरीचं काय. ते म्हणाले, "तुम्हाला काढलं तर जो नवा येईल तो हेच करील, फक्त मला सांगणार नाही. बसा खिडकीतच."

सोमवारी सकाळी, वही उघडून अक्काचं नाव लिहायच्या आधी, एक धडधाकट माणूस खिडकीवर आला. हार्निया. गुरुवारपर्यंत गावी जाऊन यायचं होतं, म्हणाला, नाव आजच लिहून घ्या. माझ्या हातात टाक होता. त्याला एक लिहिला, की अक्का दोन. कुणाला कळलं नसतं. मी टाक शाईत बुडवला, काढला, परत बुडवला. आणि गंमत बघा, एक बरा की दोन बरा हेच मला माहीत नव्हतं. लबाडी करायलाही माहिती लागते. मी त्याला म्हटलं, "गुरुवारीच या." आणि अक्काचं नाव लिहिलं. क्रमांक एक.

इथून पुढं घरची गोष्ट सुरू होते. अक्का वॉर्डभर ओरडून सांगत होती, "एक नंबर! मागून मिळत नाही असला. याला म्हणतात भाऊ!" अंगात ताकद नव्हती, पण शेजारच्या सातही खाटांना कळेल एवढा आवाज होता. मंगळवारी तिला आत नेलं. भूलवाले डॉक्टर स्वतः टोपी धरून बसले. त्यांनी तिला आकडे मोजायला सांगितले. ती म्हणाली, "एक, पाच, सात, नऊ..." डॉक्टर म्हणाले, "बाई, ओळीनं मोजा." ती म्हणाली, "माझे मी मोजते," आणि अकराला झोपली. हे मी सांगतो तेव्हा पोरं मला पुन्हा पुन्हा मोजायला लावतात.

व्हरांड्यात मी उभा होतो तिथं ईथरचा वास दाराखालून येत होता. हे मी सांगत नाही. वर्सोव्याकडचा वारा त्या दिवशी पडला होता, नुसता ईथरच. फुली मारायची लाल पेन्सिल माझ्या खिशात होती. सकाळी टेबलावर ठेववेना म्हणून बरोबर घेतली होती. मी ती खिशातल्या खिशात नखानं सोलत होतो. तिला बाहेर आणलं तेव्हा तोंड राखेच्या रंगाचं, श्वासाला घरघर. पाचसहा दिवस ती घरघर वरखाली होत राहिली. सिस्टर तिला उठवून बसवायची, पाठीवर थापट्या मारायची, खोक म्हणायची, अक्का खोकायची आणि सिस्टरच्या सात पिढ्या काढायची.

गुरुवारी मी खिडकीत बसलो. वरच्या वॉर्डात अक्काची घरघर चालूच होती. रांगेत पहिला उभा होता वर्सोव्याचा एक कोळी, माझ्याच वयाचा. त्याची आई बाकावर भिंतीला टेकून बसली होती. पित्ताशयात खडे, ताप, डोळे पिवळे, अंगावर मांस म्हणून नाही. हार्नियावाला त्या कोळ्याच्या मागं.

मी दोन लिहायला लागलो.

"दोन नको भाऊ. तीन पण नको." तो हळू आवाजात म्हणाला. "पाच द्या. मी थांबतो, मागच्यांना घ्या पुढं."

"क्रमानंच द्यावा लागतो."

"माझी आई आहे, भाऊ."

"माहीत आहे."

"तुमच्या बहिणीला एक दिला ना?"

वॉर्डात अक्कानं सगळ्यांना सांगितलंच होतं. मला सांगता आलं असतं, की तिला तो क्रमानं आला. खरं होतं ते. पण ज्या खिडकीनं वर्षभर सगळ्यांना हवे ते आकडे दिले, त्या खिडकीतून ते खरं वाटलं नसतं. मी मान वर न करता दोन लिहिला. त्यानं तो आकडा वाळेपर्यंत बघितला. मग आईपाशी गेला, तिला उचललं आणि आत घेऊन गेला.

ती वही भरेपर्यंत पुढची बरीच वर्षं मी त्या खिडकीत होतो. एकही आकडा फिरवला नाही. लोक मला खडूस म्हणायचे, शाप द्यायचे. भरली तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही बाजू मोजल्या. पारडं नव्या पद्धतीकडं झुकलं. फार नाही, पण झुकलं. म्हणजे अक्काला वाईट बाजू मिळाली होती आणि ती जगली. वर्सोव्याच्या म्हातारीला चांगली मिळाली होती. आणि मास्तर, ती आजी, ते पिवळे गृहस्थ, तो पस्तीस, ज्यांना ज्यांना मी भलं करायचं म्हणून क्रम मोडून विषम दिला, त्यांतलं एखादं क्रमानं गेलं असतं तर उरलं असतं. कुठलं, ते नाही सांगता येत. डॉक्टरांनाही नाही.

त्या म्हातारीचं ऑपरेशन लगेच पुढच्या सोमवारी दुपारी झालं. पोटाचं काम नीट झालं, सर्जन हात धुऊन बाहेर आले. श्वास मात्र परत आला नाही. भूलवाले डॉक्टर पिशवी दाबत बसले. एक तास, दोन तास. सिस्टर म्हणाली मी दाबते, तर त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. दिवे लागायच्या सुमाराला ते माझ्या खिडकीशी आले. बोटं आखडून गेली होती, मूठ मिटत नव्हती. त्यांनी वही मागितली आणि स्वतः लाल पेन्सिल घेतली. समाच्या ओळीतली पहिली फुली. मला म्हणाले, "ही एकच आहे. हिच्यावरून काही कळत नाही. लिहीत राहा."

थोड्या वेळानं तो कोळी कागद न्यायला आला. कागद घेतला, पण गेला नाही.

"पाच दिला असता तर?"

मी वही मिटली. तो खिडकीपासून दोन पावलं गेला आणि तिथंच, व्हरांड्याच्या पायरीवर बसून, मोठ्यानं रडायला लागला.

मी वर गेलो. अक्काची घरघर त्याच सकाळी थांबली होती आणि तिला पहिल्यांदा तोंडानं पेज दिली होती. तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि वॉर्डभर ऐकू जाईल असं म्हणाली, "काय रे मेल्या, ही तुझ्या इस्पितळातली पेज? भांडं विसळलेलं पाणी नुसतं!" सगळा वॉर्ड हसला. सिस्टर हसली. घरी मी गोष्ट इथं संपवतो.

अक्कानं वाटी खाली ठेवली आणि कान दिला.

"खाली कोण रडतंय रे?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "पेज पी."